पेटी, काळी चार आणि सहा मिनिटं

ओपन माइकला, म्हणजे कॅफेत वगैरे कोणीही नाव नोंदवून गाणं-कविता सादर करू शकतं त्या कार्यक्रमाला, पेटी घेऊन सहसा कोणी येत नाही. गिटार असतात भरपूर, युकुलेली (छोटी गिटारच) असतात, कधी कोणी कहोन (खोक्यासारखं तालवाद्य) आणतं आणि त्याच्यावरच बसतं, कवी लोकांच्या हातात नुसता मोबाईल. पेटी नसते. मी नेते. ऑफिस सुटल्यावर, रिक्षात पेटी शेजारी ठेवून, पुण्यात बाणेर, कोथरूड, कोरेगाव पार्क, जिथे नाव लागेल तिथे. ऑफिसमधल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणी विचारतात की तिथे नक्की असतं काय, कोणीही गाऊ शकतं का, आपल्या वयाचं कोणी असतं का, तर एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी माझं सांगते म्हणजे अंदाज येईल. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, विशारद राहिलं ते राहिलंच, मग लग्न, नोकरी (अकाउंट्समधे आहे, त्यामुळे मार्चमधे माझ्यासाठी कुठलाच ओपन माइक नसतो), मुलगी, नेहमीचीच यादी. पेटी मात्र सुटली नाही कारण आईचं भजनी मंडळ होतं आणि त्यांना वाजवायला कोणीतरी लागायचंच. म्हणजे हौशी, पण अगदी कोरी पाटी नाही. आणि गंमत अशी की जे काय थोडंफार येत होतं त्यातलं निम्मं तिथे कामाला आलं नाही, आणि जे कामाला आलं ते कुठल्या परीक्षेत कोणी विचारलं नव्हतं.

सोसायटीत कराओकेचा ग्रुप आहे, हॉल घेतात, माणशी पैसे काढतात, ट्रॅक लावून गातात, तिथे का नाही जात असं विचारतात लोक. त्यात वाईट काहीच नाही, बऱ्याच रिटायर्ड मंडळींची त्यात संध्याकाळ छान जाते. पण मला ट्रॅकच्या मागे पळायला आवडत नाही. एखादी जागा परत घ्यावीशी वाटली, जरा थांबावंसं वाटलं तरी ट्रॅक आपला पुढे. पेटी माझ्या हातात असते, मी थांबले की ती थांबते. हे एवढंच कारण.

नाव नोंदवायचं काम मुलीने करून दिलं. इन्स्टाग्रामवर त्या त्या ग्रुपचं पेज असतं, त्यात लिंक, लिंकमधे फॉर्म. नाव, वय, काय सादर करणार: कविता, स्टँडअप, गोष्ट, संगीत. संगीत निवडलं की वाद्य कोणतं, तिथे गिटार, युकुलेली, कीबोर्ड आणि मग "इतर". मी इतर. फी असते, कुठे शंभर-दीडशे, कुठे जास्त, काही ठिकाणी तेवढ्याचं खायला-प्यायला मिळतं आणि काही ठिकाणी नाही, ते आधी नीट वाचावं. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतात आणि त्याच दिवशी दुपारी कधीतरी लाइनअप टाकतात, म्हणजे कोण कितवं. सात म्हणजे पावणेआठ, हे धरूनच निघायचं.

प्रत्येकाला सहा मिनिटं. कुठे पाच, कुठे सात, पण मी जाते तिथे बहुतेक सहा. वीस जण असले तर वीस सक एकशेवीस, म्हणजे दोन तास नुसते स्लॉटचे, त्यात प्रत्येक दोघांमधे उठणं-बसणं, वायर लावणं, सूत्रसंचालकाचे जोक, असे दीड-दोन मिनिटं धरा, म्हणजे अजून अर्धा-पाऊण तास. पावणेआठला सुरू झालेलं साडेदहाच्या आत संपत नाही. आणि गच्चीवरचा कॅफे असेल तर दहाला स्पीकर बंद करावाच लागतो, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. त्यामुळे गच्चीवर तुमचं नाव सोळाव्याच्या पुढे असेल तर मनाची तयारी ठेवा की "मॅम, एकच कडवं कराल का प्लीज" असं कोणीतरी कानात येऊन सांगणार. बंद हॉलमधे हा प्रश्न नसतो. मी हल्ली फॉर्म भरताना आधी विचारते, आत आहे की वर.

पहिल्या वेळी दाराशी एक गोड मुलगा यादी घेऊन उभा होता. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "काकू, ऑडियन्सची एंट्री ह्या बाजूने." मी म्हटलं बाळा, ही एवढी पेटी मी काय हौस म्हणून जिना चढून आणलीये का. लाजला बिचारा, लगेच "सॉरी मॅम" आणि पेटी उचलून आत. तेव्हापासून मी कुठे काकू, कुठे मॅम, कुठे ताई, एका ठिकाणी तर सूत्रसंचालकाने "आपल्या सगळ्यांच्या आवडत्या माऊली" असं नाव पुकारलं, आमची ओळख तेव्हा दहा मिनिटांची होती. वयाचं म्हणाल तर हो, बहुतेक सगळे वीस-पंचविशीतले. पण एखादे रिटायर्ड काका गझल वाचायला हमखास असतात, एखादी डॉक्टर बाई असते, आणि ही तरुण पोरं वयाचं काही मनावर घेत नाहीत, आपणच घेतो.

आता सहा मिनिटं म्हणजे काय ते सांगते कारण सगळी मेख त्यातच आहे. आपल्याकडे घरगुती बैठक कशी असते, आधी पेटीवर जरा सूर धरायचा, षड्ज लावायचा, आलाप, मग हळूहळू मुखडा. माझ्या आधी एकदा एक मुलगा होता, चांगला ख्याल शिकलेला, तयारीचा गळा, त्याने डोळे मिटून आलाप सुरू केला आणि खरोखर सुंदर होता तो, पण बंदिशीचा मुखडा आला तेव्हा मागून मोबाईलचा टॉर्च दाखवला गेला, म्हणजे एक मिनिट उरलं. त्याला तो दिसलाच नाही, डोळे मिटलेले. शेवटी संयोजक स्टेजजवळ येऊन उभा राहिला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं, पण दोष कोणाचाच नव्हता, त्याच्या मागे अजून अकरा जण होते.

मग मी घरी बसून कात्री लावायला शिकले. भावगीत म्हणजे मुखडा, तीन अंतरे, मधे म्युझिकचे तुकडे, सगळं मिळून सहज पाच मिनिटं जातात, वर बसणं-उठणं. मी म्युझिक जवळजवळ काढूनच टाकते, एक छोटा तुकडा ठेवते श्वासापुरता. दोन अंतरे गायचे. कुठला गाळायचा ह्यावर माझं मत पक्कं आहे: मधला. पहिला अंतरा लोकांना चाल ओळखीची करून देतो, शेवटच्यात कवीला जे म्हणायचं असतं ते येतं, मधला बहुतेक वेळा आणखी एक चंद्र किंवा आणखी एक वेल असते. (कवी मंडळींनी माफ करावं. काही गाण्यांत मधलाच सगळ्यात चांगला असतो, मग ते गाणं मी तिथे घेतच नाही.) आलाप म्हणाल तर अर्ध्या मिनिटाच्या आत शब्द सुरू झाले पाहिजेत. शब्द सुरू झाले की लोक वर बघतात, नुसत्या "आ"ला नाही बघत. शास्त्रीयवाल्यांना हे ऐकून त्रास होईल, मलाही होतो, पण बघितलंय ते सांगतेय.

अभंग मात्र ह्या सहा मिनिटांत मस्त बसतो. चरण छोटे, चाल लगेच पकडता येते, आणि धृपद (परत परत येणारी ओळ) दुसऱ्यांदा आलं की कोणीतरी टाळी धरतंच. एकदा बाणेरला समोर बहुतेक सगळे आयटीतले, निम्मे मराठी न कळणारे, आणि तरी शेवटच्या धृपदाला अख्खी खोली टाळ्यांवर. मी आधी एकच वाक्य बोलले होते हिंदीत, की हे गाणारा माणूस देवाशी भांडतोय, बास. एकच वाक्य. जास्त समजावून सांगितलं की गाणं संपल्यासारखं वाटतं सुरू व्हायच्या आधीच, हे मी कवींकडे बघून शिकले, काही जण कवितेपेक्षा मोठी प्रस्तावना करतात.

आता आवाजाचं. ह्यावर मी पानंच्या पानं लिहू शकते.

कॅफेत साउंड म्हणजे बहुतेक वेळा दोन स्पीकर, एक छोटा मिक्सर, एक गाण्याचा माइक, एक गिटारची वायर. साउंडवाला मुलगा असतो किंवा संयोजकच ते करतो. गिटारवाल्याने जॅक खुपसला की काम झालं. पेटीला जॅक नाही. पहिल्यांदा मला म्हणाले "मॅम, ह्याचं आउटपुट कुठून आहे?" मी म्हटलं भात्यातून. हसले, पण मग प्रश्न तसाच राहिला. एका मुलाने चिकटवायचा पिकअप आणला होता, तो पेटीच्या लाकडाला लावून बघितला, तर सुरांपेक्षा पट्ट्यांची खटखट जास्त यायला लागली, साहजिक आहे, लाकडाला जे हादरे बसतात तेच तो पकडणार. काढला.

दुसरा माइक मागून घ्यायचा, हाच उपाय. कंडेन्सर माइक कोणी आणून दिला तर मी नको म्हणते, छोट्या खोलीत स्पीकर डोक्याजवळ असतात आणि तो खोलीतलं सगळं ऐकतो, लगेच शिट्टी मारायला लागतो. साधा डायनॅमिक माइक, शुअरचा एसएम ५८ किंवा त्याच्यासारखा दिसणारा जो काय तिथे असेल तो, पेटीच्या वर वीतभर, पट्ट्यांच्या बाजूने, भात्यापासून लांब. भात्याकडे गेला की नुसता फसफस वारा येतो. वरचं झाकण काढलं तर आवाज मोकळा होतो पण खटखटही वाढते, त्यामुळे मी अर्धवट उघडं ठेवते. आणि माझी पेटी डबल रीडची आहे, म्हणजे एका पट्टीला दोन सूर, खालचा खर्ज आणि वरचा नर, तर माइकवर खर्जाचा स्टॉप बंद ठेवते. घरी खर्ज काय भरदार वाटतो, पण स्पीकरमधून तोच घूं घूं करत राहतो आणि माझे शब्द त्यात बुडतात. हे मला एका साउंडवाल्या मुलाने सांगितलं, त्याला खर्ज-नर काही माहीत नव्हतं, तो फक्त म्हणाला की मॅम खालचं काहीतरी कमी करता येईल का, मिक्सरवर कापलं तर तुमचा आवाज पण कापला जातो. बरोबर होतं त्याचं.

गाण्याचा माइकही असाच. आम्हाला सवय हातभर लांबून गायची, क्लासमधे तर माइकच नव्हता. इथे लांबून गायलं की साउंडवाला आवाज वाढवतो, वाढवला की माझ्या माइकमधे पेटी शिरते, मग शिट्टी, मग सगळेच कानावर हात. जवळ जायचं, ओठांपासून दोन-तीन बोटं. अगदी चिकटलं की आवाज घुमतो, बायकांचा आवाज बसल्यासारखा वाटतो, म्हणून दोन-तीन बोटं. आणि माइकची पाठ स्पीकरकडे, तोंड नाही, हा माइक पाठीमागचं कमी ऐकतो. शेवटचं म्हणजे इको. कोणास ठाऊक का, पण "मराठी गाणं, पेटी" म्हटलं की काही जण इकोचं बटण शेवटपर्यंत फिरवतात. प्रेमाने सांगायचं, दादा इको कमी कर.

बसायचं कुठे हा वेगळाच विषय. बैठकीत सतरंजीवर बसतो आपण. कॅफेत खाली बसलं की तिसऱ्या रांगेनंतर कोणाला दिसत नाही, म्हणून पेटी टेबलावर. कॅफेची टेबलं डुगडुगतात, तीन पायांवर उभी असल्यासारखी, भाता ओढला की टेबल माझ्याबरोबर झुलतं. मी पुठ्ठ्याच्या घड्या पर्समधे ठेवते, पायाखाली घालायला. बाकी पर्समधे काय काय असतं ते पण सांगते: तानपुऱ्याच्या अ‍ॅपसाठी फोन, तो एअरप्लेन मोडवर टाकायचा नाहीतर षड्जाच्या मधे सासूबाईंचा फोन येतो, फोनला लावायची छोटी वायर आणि तिचं अडॅप्टर (तपकीर गल्लीत घेतलं, कॅफेत कधीच सापडत नाही), कोमट पाण्याची बाटली, खडीसाखर. एसी थेट स्टेजवर सोडलेला असतो, दीड तास त्यात बसून घसा कोरडा होतो. थंड कॉफी मागवू नका, गाऊन झाल्यावर मागवा.

पावसाळ्यात पेटीचं वेगळं दुखणं. लाकूड फुगतं, पट्टी दाबली की पूर्ण वर येत नाही आणि तो सूर आपला आपण वाजत राहतो, तेही नको तिथे. जुलैमधे मी निघायच्या आधी सगळ्या पट्ट्या एकदा वाजवून बघते, खोक्यात बुटांच्या डब्यांतून गोळा केलेल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या आहेत, आणि वरून प्लॅस्टिक. तरी एकदा कोमल धैवत अडकलाच. मी त्या दिवशी जे गाणार होते त्यात नेमका कोमल धैवत होता, म्हणून दर वेळी तो सूर वाजवला की नखाने पट्टी परत वर. कोणाला कळलं नाही. एका कवयित्रीने नंतर विचारलं ती बोटांची स्टाइल कुठल्या घराण्याची.

लाइनअपमधे कोणाच्या नंतर यायचं ह्याला फार महत्त्व आहे आणि हे नवीन लोकांना कोणी सांगत नाही. मी संयोजकांना आधीच मेसेज करते की मला कवीच्या नंतर लावा. कारण कवीला एकच माइक लागतो आणि तो एका जागी उभा असतो, त्याची कविता चालू असताना मी मागे टेबलावर पेटी मांडून, दुसरा माइक वाकवून, भात्याचे हूक काढून तयार असते, माझी सहा मिनिटं मांडामांडीत जात नाहीत. बँडच्या नंतर मला लावलं तर वायरींचं जंगल आवरेपर्यंत लोक ऑर्डर द्यायला उठतात. स्टँडअपच्या नंतर? चांगला रंगला असेल तर नको, लोक हसायच्या मूडमधे असतात आणि पेटी बघून आधी हसतातच. पडला असेल तर मात्र खोलीला काहीतरी हवं असतं, तेव्हा पहिल्या ओळीलाच शांतता मिळते. त्या स्टँडअपवाल्याचं वाईट वाटतं, पण मिळते.

समोर बसलेले लोक कोण असतात हेही लक्षात घ्या. बहुतेक जण स्वतःच सादर करायला आलेले, उरलेले त्यांचे मित्र. म्हणजे तुमच्या गाण्याच्या वेळी निम्मे लोक मनातल्या मनात स्वतःची कविता म्हणत असतात. त्यात काही चुकीचं नाही, मीही तेच करायचे, अंतऱ्याचे शब्द घोकायचे. पण एक पद्धत मला मनापासून खटकते, स्वतःचं झालं की बॅग उचलून जायचं. बरोबर चार मित्र आलेले, तेही त्याच्यामागे. मग अठराव्या नंबरचा मुलगा रिकाम्या खुर्च्यांसमोर आणि कॉफी मशीनच्या फुस्स आवाजासमोर गातो. मी शेवटपर्यंत थांबते. घरी पोचायला साडेअकरा होतात, नवरा वैतागतो, सकाळी डबा असतोच. पण तिथे थांबून ऐकणं ही माझ्या मते फीपेक्षा मोठी फी आहे, आणि मी जे काय शिकले ते स्वतःच्या सहा मिनिटांत कमी आणि बाकीच्यांच्या दोन तासांत जास्त.

पैशांचं सांगायचं तर सगळीकडे चांगलं नसतं. एका ठिकाणी फॉर्ममधे लिहिलं नव्हतं पण तिथे गेल्यावर कळलं की जो जास्त मित्र घेऊन येईल त्याला आधीचा नंबर, एकटा आलेला सगळ्यात शेवटी. मी एकटी, शिवाय पेटी, पेटीला तिकीट नाही. तिथे परत गेले नाही. परफॉर्मरकडून पैसे घ्यायला माझी हरकत नाही, जागेचं भाडं असतं, साउंड असतो, पण मग नंबर तरी सरळ लावा. आणि व्हिडिओ. काही जण व्हिडिओचे वेगळे पैसे घेतात, दोन कॅमेरे वगैरे. मी मुलीला मोबाईलवर काढायला सांगते. तिनेच पहिला व्हिडिओ दाखवून म्हटलं, "आई, तू पूर्ण वेळ डोळे मिटून आहेस, लोकांना वाटतं तू त्यांना टाळतेयस." मला पटलं नाही आधी. सूर लावताना डोळे मिटतातच. आता मुखड्याला उघडे ठेवते, अंतऱ्याला मिटते, तेवढी तडजोड.

घबराट होते का, तर होते. गंमत म्हणजे आवाज नाही थरथरत, डावा हात थरथरतो, भात्याचा. तो थरथरला की सूर लाटांसारखा येतो. त्यावर मला सापडलेला इलाज म्हणजे गाण्याआधी नुसता षड्ज-पंचम धरून चार-पाच सेकंद संथ भाता मारायचा, हात ताळ्यावर येतो, आणि लोकांना वाटतं वातावरणनिर्मिती चाललीये.

पेटीबद्दल पोरांना कुतूहल फार. हे कव्वालीतलं ना, गुरुद्वारात असतं ना, असे प्रश्न येतात. मी त्यांना सांगते की हे मुळात युरोपातून आलेलं, तिकडे पायाने भाता मारून वाजवायचे, आपल्याकडे कलकत्त्यात ते हाताच्या भात्याचं झालं, आणि आकाशवाणीने १९४० साली ह्याच पेटीवर बंदी घातली होती, तीसेक वर्षं चालली ती, कारण काय तर ह्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि सूर ठरावीक जागी खिळलेले. ते ऐकून एक गिटारवाला म्हणाला, "मग आमच्या गिटारलाही फ्रेट, ह्या आडव्या पट्ट्या, असतात की." म्हटलं हो ना, पण तू तार ओढून सूर वाकवू शकतोस, मी पट्टी ओढली तर तुटेल.

तोच मुलगा आता माझ्याबरोबर वाजवतो. झालं असं की एकदा लाइनअपमधे दोघंच उरलो होतो आणि वेळ एकाचीच, संयोजक म्हणाला दोघं मिळून काहीतरी करा. तो विचारतो, "स्केल काय?" मी म्हटलं काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी हा माझा सा). त्याचा चेहरा कोरा. मग पेटीवर दाखवली, तर म्हणे अच्छा, जी शार्प, आणि त्याने पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला आणि जी चे कॉर्ड धरले. सोप्पं. पण वाजवल्यावर काहीतरी खुपत होतं, दोघांनाही. माझी पेटी जरा चढी आहे, जुनी आहे, ४४०ला, म्हणजे हल्ली वाद्यं ज्या ठरलेल्या सुराला लावतात त्याला, नाही. पेटी काही तिथल्या तिथे उतरवता येत नाही, तिचे रीड घासायला कारागीर लागतो. त्याने त्याच्या चिमट्यासारख्या ट्यूनरवर ४४३ केलं, सगळ्या तारा परत लावल्या, आणि मग बसलं. त्या वेळात आमच्या सहामधली दोन मिनिटं गेली, पण कोणी उठलं नाही, लोक ते जुळवणंच बघत बसले होते.

आता आम्ही नीट बसवतोय एक गाणं, सोसायटीच्या क्लबहाउसमधे, रविवारी सकाळी. भांडणं होतात. अंतऱ्यात कोमल निषाद आहे आणि हा तिथे डी मेजर मारतो, त्यात त्याचा शुद्ध निषाद लागतो माझ्या कोमलवर, मला दात आंबल्यासारखं होतं. मी म्हटलं डी सोड, एफ धर. तो म्हणतो एफ ने गाणं उदास होतं. मी म्हटलं उदासच आहे ते, शब्द वाच. त्याने शब्द वाचले, मग विचारलं "निढळ" म्हणजे काय, त्यात अर्धा तास गेला. शिवाय त्याला म्युझिकचा तुकडा हवाय आणि मला दुसरा अंतरा हवाय, दोन्ही सहा मिनिटांत बसत नाही, आम्ही फोनवर घड्याळ लावून बघितलं, सहा मिनिटं पस्तीस होतात. पुढच्या गुरुवारी कोथरूडला नाव लागलंय, एका कवीच्या नंतर. तोपर्यंत पस्तीस सेकंद कुठून कापायची ते ठरवायचंय. मी त्याला म्हटलंय की तुझा इंट्रो जातोय.